पाणी प्या, कडेची जागा घ्या

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या महिन्याच्या टपालात विमानप्रवासाचीच पत्रं जास्त आहेत. यावल-रावेरकडची, अमळनेर-पारोळ्याकडची मुलं शिकून परदेशी गेली आणि आता त्यांचे आईवडील नातवंडं बघायला निघालेत. भुसावळच्या माझ्या दवाखान्यातही उन्हाळा लागला की हेच प्रश्न येतात. सारखी पत्रं एकत्र करून उत्तरं देते आहे. नावं छापलेली नाहीत. औषधांचे डोसही मुद्दाम लिहिलेले नाहीत, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असतात.

प्रश्न : माझं वय ६४ आहे. सुनेच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जायचं आहे. मागच्या खेपेला तिथे पोहोचले आणि लगेच खोकला, ताप सुरू झाला, पाय सुजले. आठवडाभर अंथरुणातच होते. मुलगा म्हणतो, बंद विमानातली हवाच खराब असते. या वेळी घरात तान्हं बाळ असणार. मी काय काळजी घेऊ? – यावल

उत्तर : ताई, मुलासारखंच पुष्कळांना वाटतं, पण हवेचा दोष आपण समजतो तेवढा नसतो. मोठ्या जेट विमानात खेळणारी साधारण निम्मी हवा बाहेरून घेतलेली असते. उरलेली निम्मी हेपा नावाच्या गाळण्यांतून गाळून परत आत सोडतात. ०.३ मायक्रॉनचे बारीक कणही या गाळण्या ९९.९७ टक्के अडवतात. केबिनमधली हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते. ती डोक्यावरून येते आणि पायाजवळच्या जाळीतून निघून जाते, विमानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत नाही. त्यामुळे पंधरा रांगा पलीकडे कुणी खोकलं तर जीव घाबरा करून घेऊ नका. तुमच्याच रांगेत किंवा पुढच्या-मागच्या दोन रांगांत कुणी खोकत असेल, तर मात्र मास्क लगेच नाकावर चढवा.

ही यंत्रणा बंद असते तेव्हा खरा धोका असतो. १९७७ मध्ये अलास्कात एक विमान बिघाडामुळे तीनएक तास जमिनीवर अडकलं होतं. हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती आणि आत एका प्रवाशाला फ्लू झालेला होता. विमानात पन्नासच्या आसपास माणसं होती. तीन दिवसांत त्यांतली ७२ टक्के माणसं आजारी पडली. हे उदाहरण मी प्रत्येक प्रवाशाला सांगते, कारण आपण नेमकं उलटं वागतो. विमान उडालं की मास्क लावतो, आणि त्याआधी चेक-इनच्या रांगेत, सुरक्षा तपासणीत, विमानतळाच्या बसमध्ये, दार उघडायची वाट पाहत दाटीनं उभं असताना तो हनुवटीवर असतो. त्या गर्दीत तो नाकावर हवा. एन-९५ असेल तर उत्तम. विमान जमिनीवर उभं आहे आणि वरून हवा येत नाही असं जाणवलं, तर तेव्हाही लावा. डोक्यावरची हवेची तोटी पूर्ण बंद करू नका, मंद चालू राहू द्या.

आता हाताचं. समोरचा जेवणाचा ट्रे, पट्ट्याचा कडी-खटका, सीटची मूठ, संडासाची कडी, या सगळ्याला तुमच्याआधी कित्येकांचे हात लागलेले असतात. बसल्याबरोबर ओल्या वाइपनं ट्रे आणि मूठ पुसून घ्या. जेवणाआधी सॅनिटायझर लावा, त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल हवं. बाटली १०० मिलीच्या आतली घ्या, मोठी असली तर तपासणीत काढून ठेवतील. संडासला जाऊन आल्यावर मात्र साबणच. उलटी-जुलाबाचे काही विषाणू सॅनिटायझरला दाद देत नाहीत. आणि ताई, सोळा तास हात डोळ्यांना-नाकाला लावायचाच नाही, एवढं एक केलंत तरी पुष्कळ झालं.

आता पाण्याचं, कारण माझ्या मते तुमचं दुखणं तिथूनच सुरू झालं असावं. इतक्या उंचीवरच्या हवेत ओलावा जवळजवळ नसतोच. केबिनमधली आर्द्रता १० ते २० टक्क्यांवर येते. मे महिन्यात आपल्याकडेही दुपारी हवा कोरडी असते, पण तेव्हा घाम येतो, तहान लागते, माठाकडे हात जातो. विमानात गारठा असतो, म्हणून तहान कळतच नाही. नाक आणि घसा कोरडा पडला की जंतूंना अडवणारा त्यातला ओलसर थर काम करेनासा होतो. आपल्याकडच्या बाया तर मुद्दाम पाणी पीत नाहीत. ‘पानी पिधं ते उठनं पडी’ हे मी दवाखान्यात किती जणींच्या तोंडून ऐकलंय! शेजारचा परका माणूस झोपलेला, त्याला उठवायचं कसं, संडासाचं दार उघडता येईल का, ही लाज आणि ही धास्ती. त्यापायी माझ्या वयाच्या, तुमच्या वयाच्या बाया सोळा-सोळा तास दोन घोटांवर काढतात. मग पोहोचल्यावर लघवीची जळजळ, डोकेदुखी, बद्धकोष्ठ, घसा धरलेला.

म्हणून तिकीट काढतानाच मुलाला सांगा, मला कडेची, म्हणजे मधल्या वाटेलगतची जागा हवी. खिडकीशी बसणाऱ्याचा इतरांशी संबंध कमी येतो, हे अमेरिकेतल्या २०१८ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं आणि ते खरं आहे. पण चौसष्टाव्या वर्षी, एवढ्या लांबच्या प्रवासात, कुणालाही न विचारता उठता येणं जास्त मोलाचं. कडेची जागा घ्या, मास्क लावा आणि पाणी प्या. तपासणीच्या पलीकडे रिकामी बाटली नेता येते, आत गेल्यावर भरून घ्या. तासाला अर्धा-पाऊण पेला, घोट घोट. चहा-कॉफी एखाददुसरी चालेल. हवाई सुंदरीला बोलवायचं बटण वापरायला अजिबात संकोचू नका. पाणी मागणं, दार कसं उघडायचं ते विचारणं हा तुमचा हक्क आहे. संडासाचं दार कसं असतं, आतली कडी कशी लागते, हे मुलाकडून व्हिडिओ कॉलवर आधीच समजून घ्या. त्या घडी पडणाऱ्या दाराच्या भीतीनं पाणी सोडलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

पाय सुजणं बसून बसून होतं आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतं. पण त्यात एक गंभीर गोष्ट लपलेली असू शकते. पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गाठ होते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. तरी एकूण प्रमाण सुमारे ६,००० प्रवाशांत एक एवढंच. ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, कॅन्सर आहे, वजन फार आहे, हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत, आधी कधी गाठ झालेली आहे, त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना भेटायलाच हवं. त्याच अहवालात एक गोष्ट अशी दिसली की पाच फूट तीन इंचांहून बुटक्या माणसांनाही धोका जास्त असतो. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि सीटची कड मांडीखाली रुतते. आपल्या कितीतरी आया-मावश्या याच उंचीच्या आहेत. पायाखाली हातातली पिशवी ठेवा. तासाभरानं एक फेरी मारा, बसल्या बसल्या टाचा उचलून पंजे दाबत राहा, पायावर पाय टाकून झोपू नका. झोपेची गोळी आणि मनानं घेतलेली ॲस्पिरिन, दोन्ही नकोत. पोहोचल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली किंवा एकाएकी दम लागला, तर जेट लॅग म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रवास विमानात सुरू होत नाही, तो तुमच्या अंगणात सुरू होतो, आणि माझं सगळ्यात जास्त सांगणं याचंच आहे. आदल्या दोन रात्री बिबडे, कुरडया, लाडू, मसाला बांधण्यात जागरण. भेटायला येणाऱ्यांची रीघ. मग भुसावळहून रात्रीची गाडी, सात-आठ तास अर्धवट झोप, मुंबईत नातेवाइकांकडे दिवसभर गप्पा आणि मध्यरात्रीचं विमान. विमानात पाय ठेवायच्या आधीच अंग थकलेलं असतं, मग एकानं शिंकायचा अवकाश. सामान आठ दिवस आधी भरून ठेवा. शक्य असेल तर एक दिवस आधी मुंबई गाठा आणि ती रात्र झोपा. चालायला त्रास असेल तर तिकिटासोबतच व्हीलचेअर नोंदवा, त्यात कमीपणा कसला? तासभर रांगेत उभं राहणं वाचतं.

आणि जेवण. निघायच्या दिवशी प्रेमानं वरण-बट्टी, शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि भरिताचा बेत करतात. मला ठाऊक आहे, नाही म्हणवत नाही. पण केबिनमधला दाब कमी असतो, त्यामुळे पोटातला वायू साधारण ३० टक्के फुगतो. पोट तट्ट होतं, छातीत जळजळतं, आणि हृदयाचाच त्रास आहे असं वाटून माणूस घाबरतो. भरीत आदल्या आठवड्यात खा. निघताना मऊ खिचडी, दही-भात, सोबत दशमी, बस्स.

लसीसाठी किमान दोन आठवडे आधी या. फ्लूची लस घ्या. तान्ह्या बाळाला हाताळणार आहात, म्हणून डांग्या खोकल्याचा अंश असलेली टीडॅप ही लसही घ्या. तो खोकला आपल्याला साधा वाटतो, पण दोन महिन्यांच्या बाळाचा जीव घेऊ शकतो. न्यूमोनियाच्या लसीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. तिथे पोहोचल्यावर खोकला असला, तर बरं वाटेपर्यंत बाळाला घेताना मास्क लावा. नातवाला बघायला मन कितीही ओढलं तरी.

प्रश्न : आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन मुंबईहून दुबईला जायचं आहे. विमान उतरताना बाळं रडून रडून लाल होतात असं ऐकलं. कानात कापूस घालावा का? – धुळे

उत्तर : कापसाचा काही उपयोग नाही, भाऊ. दुखतं ते कानाच्या पडद्यामागच्या हवेमुळे. नाकाच्या मागून कानापर्यंत एक बारीक नळी असते. विमान खाली येताना केबिनमधला दाब वाढतो आणि ती नळी उघडली नाही तर पडदा आत ओढला जातो. गिळताना ही नळी उघडते. म्हणून विमान खाली येऊ लागलं, म्हणजे उतरायच्या साधारण अर्धा तास आधी, तिला जागी करा आणि आईनं अंगावर पाजावं. बाटली किंवा चोखणीही चालेल. त्यासाठी त्याआधीचं पाजणं थोडं लांबवा, म्हणजे नेमक्या वेळी भूक असेल. रडली तरी हरकत नाही, रडण्यानंही नळी उघडते. मोठ्यांनी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकावं. जोर लावायचा नाही.

तिचा कान वाहत असेल किंवा सर्दी-ताप असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नाक मोकळं करायचे मोठ्यांचे थेंब बाळाला घालू नका. बीपी आणि हृदयाच्या पेशंटनीही ते विचारल्याशिवाय वापरू नयेत. आणखी एक, गोवराची पहिली लस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. परदेशी जाणाऱ्या सहा महिन्यांपुढच्या बाळाला ती लवकर देता येते. याबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. लवकर दिलेला डोस जास्तीचा धरतात, नेहमीचे डोस पुढे वेळेवर द्यावेच लागतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. मुलीकडे ऑस्ट्रेलियाला चाललो आहे. इन्सुलिन मोठ्या बॅगेत थर्मासमध्ये ठेवावं, असं एका प्रवाशानं सांगितलं. वेळा कशा जुळवायच्या? – अमळनेर

उत्तर : गुरुजी, मोठ्या बॅगेत अजिबात नाही. ती बॅग विमानाच्या पोटात जाते, तिथे इन्सुलिन गोठू शकतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी कामाचं राहत नाही, आणि दिसायला मात्र फरक कळत नाही. शिवाय बॅग हरवली तर परक्या देशात उपाशी नव्हे, औषधाविना राहाल. सगळं इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर, पट्ट्या हातातल्या पिशवीत. निम्मा साठा बाईंच्या पर्समध्ये. लागेल त्याच्या दुप्पट न्या. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन सोबत असू द्या, म्हणजे तपासणीत अडचण येत नाही. ऑस्ट्रेलियात उतरताना औषधं आणि खाण्याचे पदार्थ अर्जावर लिहून द्यावे लागतात. तिथले नियम कडक आहेत, लपवू नका.

वापरात असलेलं इन्सुलिन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकतं, पण खोली म्हणजे २५ ते ३० अंशांची. अमळनेर ते मुंबई मे महिन्यात गाडीनं जाणार असाल तर काचेजवळ पिशवी ठेवू नका. शीतपिशवी वापरा, पण इन्सुलिन बर्फाला टेकू देऊ नका. शेतावर वीज नसताना पाण्याच्या माठात डबी ठेवणारे आपले शेतकरी हेच तत्त्व पाळतात आणि ते बरोबर आहे.

ऑस्ट्रेलिया पूर्वेला. पूर्वेकडे जाताना दिवस लहान होतो, म्हणून त्या दिवशी इन्सुलिन सहसा कमी लागतं. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, तेव्हा थोडं वाढवावं लागू शकतं. किती, ते तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, आणि पोहोचेपर्यंत मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय टोचू नका. विमान हेलकावे खायला लागलं की वाढप थांबतं, तासभरही थांबतं, आणि टोचून बसलेल्या माणसाची साखर उतरते. खिशात ग्लुकोज किंवा खडीसाखर ठेवा. पेनला सुई लावून ठेवू नका, दाब बदलला की आत हवेचे बुडबुडे शिरतात.

एकादशी प्रवासाच्या दिवशी येत असेल तर, गुरुजी, उपास पुढे ढकला. आणि नवे बूट घालून निघू नका. पाय सुजतात, बूट चावतो, मधुमेही पायाला कळत नाही. जुने, सैल, पायाला रुळलेले बूटच घाला.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल आहे. नर्सिंगचं शिक्षण झालं, दिल्लीला नोकरीची मुलाखत आहे. सुरतहून विमानानं पाठवायचा विचार आहे. घरचे म्हणतात, विमानात तिला धोका आहे. – धडगाव

उत्तर : दादा, हा प्रश्न विचारलात याचा मला फार आनंद झाला. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेल किती आहे हे आपण जाणतो, पण प्रवासाबद्दल त्यांना कुणी नीट सांगत नाही.

आधी एक खात्री करून घ्या. ती नुसती वाहक आहे, म्हणजे दोष रक्तात आहे पण आजार नाही, की तिला खरोखर आजार आहे? सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते आणि कार्ड देतात. तिचं कार्ड असेल तर त्यावर लिहिलेलं असेल. नसेल तर जिल्हा रुग्णालयात नुसत्या सोल्युबिलिटी चाचणीवर थांबू नका, पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी मागा. ती नुसती वाहक असेल, तर नेहमीच्या प्रवासी विमानात बसायला सहसा काहीच अडचण नाही. तिला निर्धास्त पाठवा.

आजार असेल, तर कारण समजून घ्या. केबिनमधला दाब ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे तोरणमाळच्या साधारण दुप्पट उंचीवर. त्या उंचीला प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी होतो, जमिनीवर २१ ऐवजी १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्यासारखा. निरोगी माणसाला कळतही नाही. सिकलसेलच्या रक्तपेशी मात्र ऑक्सिजन कमी झाला, पाणी कमी झालं किंवा थंडी वाजली की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. विमानात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून काळजी घ्यायची, पण म्हणून घरी बसवायचं नाही.

गेल्या दहा दिवसांत दुखण्याचा झटका येऊन गेला असेल तर विमान नको. हिमोग्लोबिन फार कमी असेल, ७.५ च्या खाली, तर डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय नको. गरज वाटली तर ते ऑक्सिजनची सोय लिहून देतील. ती विमान कंपनीला आधीच कळवावी लागते, ऐनवेळी मिळत नाही. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड एक दिवसही चुकवू नये, औषधं हातातल्या पिशवीत. धडगावहून सुरतेपर्यंतचा घाटाचा आणि उन्हाचा प्रवास दोन तासांच्या विमानापेक्षा तिला जास्त थकवेल, म्हणून आदल्या दिवशी निघा, मुक्काम करा. निघाल्यापासून पाणी. विमानात स्वेटर, मोजे, अंगावर शाल, तिला सवय नसलेला गारठा असतो तिथे. जाताना किंवा पोहोचल्यावर छातीत दुखलं, धाप लागली, पोटात डाव्या बाजूला वर एकदम दुखलं किंवा ताप आला, तर मुलाखत बाजूला ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात जावं आणि पहिल्या वाक्यात सांगावं, मला सिकलसेल आहे. दिल्लीत सगळ्या डॉक्टरांना ते रोज दिसत नाही.

मुलाखतीसाठी तिला माझ्याकडून शुभेच्छा कळवा.

प्रश्न : जळगावहून छोट्या विमानानं पुण्याला गेले, वाटभर मळमळलं. परतीचं तिकीट काढलंय. – जळगाव

उत्तर : जळगावहून उडणारी पंख्याची विमानं मोठ्या जेटपेक्षा खालून उडतात, आणि उन्हाळ्यात दुपारी जमीन तापली की वर चढणाऱ्या हवेत ती जास्त हलतात. जमलं तर सकाळचं विमान घ्या. पंखाच्या जवळपासची जागा मागा. मोबाइल पाहू नका, लांब क्षितिजाकडे बघा. रिकाम्या पोटी जाऊ नका, तुडुंबही नको. मळमळीची गोळी लागली तर तासभर आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नाही. तिनं झोप येते, उतरून स्वतः गाडी चालवणार असाल तर नको.

प्रश्न : परवाचं तिकीट आहे आणि काल मुलाच्या अंगावर कांजिण्या उठल्या. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. तापाची गोळी देऊन नेलं तर चालेल का? – चोपडा

उत्तर : नाही. पैसे बुडतात याचं मला वाईट वाटतं, पण नाही. शेजारच्या सीटवर गरोदर बाई असेल, केमोथेरपी घेणारा कुणी असेल, त्यांना कांजिण्या फार महागात पडतात. सगळ्या फोडांना खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, तो इतरांना आजार देऊ शकतो. डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन विमान कंपनीशी बोला, तारीख बदलून मिळण्याची शक्यता असते. तापाच्या गोळीनं ताप झाकतो, संसर्ग नाही. थुंकीत जंतू सापडलेला क्षयरोग, गोवर, नुकताच झालेला फ्लू, या सगळ्यांना हेच लागू आहे. कांजिण्यांत मुलाला ॲस्पिरिन देऊ नका.

प्रश्न : भाऊ ठिबक सिंचनाच्या कामासाठी दोन महिने केनियाला जाणार आहे. कोणत्या लसी? आणि परत आल्यावर काही तपासण्या? – पारोळा

उत्तर : पीतज्वराची लस अत्यावश्यक. ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते, कुठल्याही खासगी दवाखान्यात नाही. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते जन्मभर चालतं. ते नसेल तर परत येताना भारतातच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. सोबत विषमज्वर आणि कावीळ-अ च्या लसींबद्दल विचारा.

केनियातला मलेरिया आपल्या ओळखीच्या थंडीतापासारखा समजू नका. तो बहुतेक फाल्सिपेरम जातीचा असतो, एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्यापासून बचावाच्या गोळ्या जाण्याआधी सुरू करायच्या, तिथे असेपर्यंत घ्यायच्या आणि परत आल्यावरही ठरलेले दिवस चालू ठेवायच्या. पुष्कळ जण घरी आले की त्या बंद करतात, आणि तेव्हाच आजार पकडतो. मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे, संध्याकाळनंतर डास पळवणारं मलम.

परत आल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. एक तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर पुन्हा तपासा. गावातल्या डॉक्टरांना ताप किती दिवस आहे हे सांगण्याआधी सांगा की मी केनियाहून आलो आहे, आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.